उणे अकरा

“बारा सीझन, सीमाताई. बारा सीझन त्या माणसाने एका प्लेअरला उजव्या बाजूला खेळवलं, आणि रेटिंग एका पॉइंटने पण वर नाही गेलं. आता बोलतोय, तुमचा गेम फालतू आहे.”

सिद्धांतने लॅपटॉप सीमाकडे वळवला. अमेरिकेतल्या कुठल्याशा गावातून एका गिऱ्हाइकाने चार पानी तक्रार पाठवली होती. सीमाने चष्मा लावला, पहिला परिच्छेद वाचला आणि चष्मा काढून ठेवला.

“बरोबरच आहे,” ती म्हणाली. “नाहीच जाणार वर.”

लोअर परळला एका जुन्या गिरणीच्या आवारात काचेची इमारत उभी राहिली आहे. तिच्या सहाव्या मजल्यावर ही कंपनी अमेरिकन फुटबॉलचा कॉम्प्युटरवरचा खेळ बनवायची. आपल्या फुटबॉलशी या खेळाचं नातं नावापुरतंच. चेंडू लांबट असतो आणि बहुतेक वेळ हातातच असतो. तो फेकणारा हा हिरो. त्याच्या पुढे पाच धिप्पाड माणसं ओळीने उभी राहतात आणि अंगावर येणाऱ्यांना थोपवून धरतात. त्यातला मधला सोडला तर बाकीच्यांचा चेंडूला सहसा हातही लागत नाही, आणि चूक झाल्याशिवाय समालोचक त्यांचं नाव घेत नाही. गिऱ्हाइकाने घरबसल्या संघ चालवायचा: माणसं घ्यायची, काढायची, याला डावीकडून उजवीकडे हलवायचं. प्रत्येक खेळाडूला नव्याण्णवपैकी गुण, म्हणजे रेटिंग. त्या पाच थोपवणाऱ्यांचे गुण ठरवायचं काम सीमा घाडीकडे होतं. वय सत्तेचाळीस, राहणार नायगाव, अमेरिका फक्त स्क्रीनवर पाहिलेली.

हे काम तिला मिळालं तेही गमतीनेच. चार वर्षांपूर्वी ती त्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एका दवाखान्याचे कागद टाइप करायची. वरच्या कंपनीला सामन्यांचे व्हिडिओ बघून खुणा करणारी माणसं हवी होती, म्हणून ती मुलाखतीला गेली. कंपनीची मुख्य ओवी त्रिलोकेकर, गिरगावातली, शांतपणे बोलणारी मुलगी. तिने पंधरा सेकंदांची एक क्लिप दाखवली आणि विचारलं, काय दिसतंय?

“हा उजव्या टोकाचा माणूस आहे ना, तो उजवीकडचा नाहीये,” सीमा म्हणाली. “त्याला आणून बसवलाय.”

“कशावरून?”

“पायावरून. आधी डोकं विचारतं, मग पाय हलतो. स्वतःच्या जागेवर पाय विचारत बसत नाही.”

तो खेळाडू खरंच दोन आठवड्यांपूर्वी डावीकडून उजवीकडे हलवला गेला होता. ओवीने दुसरा प्रश्न विचारला नाही. सीमा कबड्डी खेळलेली आहे, तीही टोकाला, हे तिला नंतर कळलं.

तेव्हा खेळ नवीन होता आणि जागा बदलली की रेटिंग किती पडावं हे कोणालाच माहीत नव्हतं. सीमाने पहिल्याच महिन्यात तक्ता लिहून दिला. त्याच बाजूला एक घर आत सरकवलं, तर उणे चार. बाजूवरून मध्ये आणलं, तर उणे नऊ, कारण मधल्याला चेंडूही मागे द्यावा लागतो. डाव्या टोकाचा उजव्या टोकाला नेला, तर उणे अकरा. आणि खाली एक ओळ: बाजू बदललेल्या खेळाडूचं रेटिंग पुन्हा वाढणार नाही. ऑफिसात सगळे त्याला सीमाताईंचा तक्ता म्हणत. जाणकार बाईचा तक्ता म्हटल्यावर त्याला हात कोण लावणार?

“ताई, उणे अकरा एकदम करेक्ट आहे,” सिद्धांत म्हणाला. दादरचा हा मुलगा आकडेशास्त्र शिकून आला होता आणि समोरच्याला दुखवायचं नसलं की इंग्रजी शब्द जास्त वापरायचा. “पण ती खालची लाइन... मी चेक केलं. तुमच्याच डेटावर केलंय हां, बाहेरचं काही नाही.”

सीमा सामने बघताना दर खेळीला एक खूण करायची. अंगावर आलेला थोपवला की ‘धरलं’, निसटला की ‘सुटलं’. रकान्यांना ही नावं तिनेच दिली होती आणि ऑफिसातली परप्रांतीय मुलंही आता धरलं-सुटलं म्हणायला लागली होती. सिद्धांतने चार वर्षांच्या खुणांमधून बाजू बदललेले एकसष्ट खेळाडू वेगळे काढले होते. त्यांची रेघ स्क्रीनवर होती. बाजू बदलली की ती धपकन खाली येत होती. सात-आठ सामने तळाशी लोळत होती. मग हळूहळू चढत होती, आणि अठराव्या-एकोणिसाव्या सामन्याला जवळजवळ जुन्या जागी पोचत होती.

“दोनएक पॉइंट कमी राहतात. बाकी रिकव्हर होतात, ताई. जे नाही झाले ना, त्यांना बहुतेक आधीच बाहेर बसवलंय, नाहीतर ते स्वतः सोडून गेलेत.”

सीमा रेघेकडे बघत राहिली. त्या खुणा तिच्याच होत्या. एकेक खूण तिने डोळ्यांत तेल घालून केली होती. तक्ता मात्र तिने एका दुपारी, एकही सामना न मोजता, मनाने लिहिला होता.

“तुमच्या तक्त्यात माणूस परत वर येतच नाही,” सिद्धांत म्हणाला. “खऱ्यात येतो.”

“चार आकड्यांवरून नको शिकवू मला,” सीमा म्हणाली, आणि लगेच तिला वाईट वाटलं, कारण आकडे चार नव्हते.

ओवीने दोघांना आत बोलावलं. नवी आवृत्ती शुक्रवारी बाहेर जाणार होती. “सीमाताई, तक्त्यावर तुमचं नाव आहे,” ती म्हणाली. “तुम्ही हो म्हणालात तर ती ओळ काढू. नाही म्हणालात तर राहू देऊ, मी त्या गिऱ्हाइकाला समजावेन. गुरुवारी सकाळपर्यंत सांगा.”

सीमाने मान हलवली. बाहेर येऊन तिने थंड झालेला चहा पिऊन टाकला.

आता त्या ओळीचं मूळ सांगायला हवं. दोन हजार दोन साली सीमा, माहेरची मेस्त्री, नायगावच्या उषःकाल महिला संघाची उजवी कोपरारक्षक होती. कबड्डीत बचाव करणाऱ्या मुली एकमेकींचे हात धरून उभ्या राहतात. टोकाच्या मुलीचा एक हात शेजारणीच्या हातात आणि एक मोकळा असतो. उजव्या कोपऱ्यात सीमाचा उजवा हात मोकळा असायचा. त्या हातात चढाई करणारीचा घोटा आला की तो सुटत नसे. मुंबईच्या संघात निवड होणार, मग खेळाडूंच्या कोट्यातून रेल्वेत नाहीतर बँकेत नोकरी लागणार, हे चाळीत सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. मग डाव्या कोपऱ्यातली अनुजा लग्न होऊन रत्नागिरीला गेली. प्रशिक्षक सुभद्राबाई म्हापणकरांनी एका सामन्याच्या आधी, पाच मिनिटं राहिलेली असताना, सीमाला सांगितलं, “आजपासून तू डावीकडे.” विचारणं नाही, समजावणं नाही. मोकळा हात शेजारणीच्या मुठीत गेला आणि आयुष्यभर बांधलेला हात मोकळा झाला. त्या सामन्यात सीमाच्या हातून सहा जणी सुटल्या. त्या हंगामातच तिने खेळ सोडला. निवड नाही, नोकरी नाही. सुभद्राबाईंनी जागा बदलली आणि माझं वाटोळं झालं, हे ती तेव्हापासून सांगत आली होती. बाई रस्त्यात दिसल्या की ती पलीकडच्या फुटपाथवर जायची.

नवरा दीपक शिवडीच्या गोदामात कामाला होता. लग्नाला एकवीस वर्षं झाली होती. तेवढी वर्षं त्याने ही कथा ऐकली होती, आणि आता ती सुरू झाली की तो टीव्हीचा आवाज वाढवायचा. त्या संध्याकाळी सीमाने भात लावता लावता तक्त्याचं सांगितलं, तर तो म्हणाला, “म्हणजे अमेरिकेतल्या पैलवानांना पण तू सुभद्राबाईंच्या हाताखाली दिलंस?”

“गप बस.”

“अगं, मस्करी नाही. पोरगा बोलतोय ते बरोबर असेल तर?”

सीमाने कुकरचं झाकण लावलं. चाळ पाडायला निघाली होती, महिन्याभरात खोली सोडायची होती, त्यामुळे माळ्यावरचं सगळं सामान खाली जमिनीवर आलं होतं. जेवणं झाल्यावर तिने वडिलांची पत्र्याची ट्रंक उघडली. तिचे वडील धोंडू मेस्त्री गिरणीत कापडखात्यात होते. पाळीत किती वार कापड निघालं हे तिथे रोज फळ्यावर लिहावं लागे, त्यामुळे काहीही घडलं की ते टिपून ठेवायची त्यांना सवय होती. गिरणी बंद झाल्यावर त्यांच्याकडे टिपण्यासारखं उरलं काय, तर लेकीचे सामने. त्यांनी एकही सामना चुकवला नाही. मैदानाच्या कडेला उभं राहून ते पेन्सिलने एका लांबट वहीत लिहायचे. ही वही ट्रंकेत आहे हे सीमाला माहीत होतं. वडील गेल्यावर तिने ती एकदाही उघडली नव्हती.

तारीख, मैदान, समोरचा संघ, आणि मग दोन आकडे. धरले. सुटले. आपण ऑफिसात रकान्यांना ही नावं कुठून दिली ते तिला आता कळलं, आणि तिचे डोळे भरून आले. दीपकने टीव्ही बंद केला.

जागा बदलल्याच्या दिवशी वडिलांनी ‘डावीकडे’ एवढाच शेरा मारला होता. धरले एक, सुटले सहा. दुसरा सामना, धरले दोन, सुटले पाच. सीमाने लग्नपत्रिकेच्या एका जुन्या पाकिटाच्या मागे सिद्धांतसारखी रेघ काढायला घेतली. आठव्या सामन्यापर्यंत ती तळाशीच होती. नवव्याला थोडी उचलली. बाराव्याला पुन्हा पडली. पंधराव्यापासून पुढचे पाच सामने मिळून धरले चोवीस, सुटले दहा. उजवीकडे असताना ती दहातल्या आठ जणींना धरायची. आता ती दहातल्या सातांना धरत होती. डाव्या हाताने.

तिने बेरीज तीनदा केली. तीनदा तीच आली.

शेवटचा सामना एकोणिसावा होता. त्याच्या खाली वडिलांनी विसाव्याची ओळ आधीच आखून ठेवली होती. तारीख होती, मैदान होतं, आणि कंसात लिहिलं होतं, ‘निवड समिती येणार’. पुढचे दोन्ही रकाने कोरे.

ती त्या दिवशी गेली नव्हती. निवड समितीसमोर डाव्या कोपऱ्यात उभं राहून हसं करून घ्यायचं नाही, असं तिने रात्रीच ठरवलं होतं. वडिलांना तिने सांगितलं, पोट दुखतंय. पुढे सांगताना ही गोष्ट हळूहळू गळून गेली. निवडीला बोलावलंच नाही असं कधी ती म्हणाली नव्हती. पण लोक तसं समजायचे, आणि तीही त्यांना समजू द्यायची.

“काय निघालं?” दीपकने विचारलं.

“मी सुधारत होते रे,” ती म्हणाली. “बघ ना. मी चांगली खेळत होते आणि मला ते कळलंच नाही.”

दीपकने पाकीट हातात घेतलं, बराच वेळ बघितलं.

गुरुवारी सकाळी सीमा वेळेच्या अर्धा तास आधी ऑफिसला पोचली. ओवी यायची होती, सिद्धांत आलेला होता. तिने त्याच्या शेजारी खुर्ची ओढली.

“ती लाइन काढ,” ती म्हणाली.

“शुअर, ताई?”

“उणे अकरा तसंच ठेव. ते खरं आहे. आठ सामने हलवू नको. मग थोडं थोडं चढव. एकोणिसाव्याला उणे दोनवर आण. आणि ऐक, सगळ्यांना चढवू नको. गिऱ्हाइकाने मध्येच बाहेर बसवला, तर त्याचं जिथे आहे तिथेच राहू दे.”

“आणि जो स्वतः सोडून जातो?”

सीमाला क्षणभर वाटलं की ह्याला कोणीतरी काही सांगितलंय. पण त्याच्या चेहऱ्यावर तसं काही नव्हतं. तो नुसता नियम पुरा करत होता.

“त्याचं काय चढवणार?” ती म्हणाली. “तो खेळतच नाही.”

ओवी आल्यावर तिने नवा तक्ता वाचला आणि नाव तसंच ठेवू का, असं विचारलं. सीमा म्हणाली, “दोघांचं टाका. मोजलं त्याने.” सिद्धांत खूश झाला. दुपारी त्याने सगळ्यांना खरवस आणला.

इथे हे प्रकरण मिटलं असतं. पण रविवारी सकाळी सीमाने वही पिशवीत टाकली आणि ती लालबागला गेली. सुभद्राबाई आता पुतण्याकडे राहत होत्या, एका नव्या इमारतीत चौदाव्या मजल्यावर. पत्ता तिने जुन्या संघातल्या एका बाईला विचारला, तर ती आधी चकित झाली आणि मग जरा जास्तच आनंदाने पत्ता सांगायला लागली.

दार बाईंनीच उघडलं. वय अठ्ठ्याहत्तर, पाठ अजून ताठ, हातात काठी. त्यांनी चष्म्यातून वर-खाली पाहिलं.

“मेस्त्रीची सीमा,” त्या म्हणाल्या. “ये गो. बस.”

सीमा खुर्चीच्या कडेवर बसली. घरात दुसरं कोणी नव्हतं. खिडकीतून पलीकडच्या इमारतीचं अर्धवट बांधकाम दिसत होतं. काय बोलायचं ते ती वाटेत ठरवून आली होती, पण बाईंनी तिला तोंड उघडू दिलं नाही.

“बरं झालं आलीस. मला बोलायचंच होतं तुझ्याशी. तू पलीकडच्या फुटपाथवर जायचीस, मग म्हटलं, तिचा हक्क आहे तो.” बाईंनी काठी मांडीवर आडवी ठेवली. “माझं चुकलं. पाच मिनिटं आधी कोणी सांगतं का? तुला विचारायला हवं होतं. मला डावीकडे माणूस हवा होता, तुझ्याएवढी धट्टीकट्टी दुसरी नव्हती, बस. पुढचा विचार केलाच नाही. तुझा खेळ गेला, नोकरी गेली. त्यानंतर मी कधी कोणाची बाजू बदलली नाही हो. एकीचीही नाही.”

हे ऐकायची सीमाने तेवीस वर्षं वाट पाहिली होती. मनातल्या मनात तिने ह्या वाक्यांना कितीतरी उत्तरं दिलेली होती, काही कडक, काही उदार. आता वाक्यं समोर होती. तिने मान डोलवली असती, चहा घेतला असता, तर कोणाचं काही बिघडणार नव्हतं. बाईंना माफी मिळाली असती. सीमाची कथा, स्वतः बाईंनी मान्य केलेली, तिच्याकडे कायमची राहिली असती.

तिने पिशवीतून वही काढली.

“बाई, हे बाबांनी लिहिलेलं आहे. शेवटचं पान बघा.”

बाईंनी टेबलावरचं भिंग घेतलं. ‘डावीकडे’ या शब्दापाशी त्या थांबल्या, मग बोट ठेवून एकेक ओळ खाली उतरत गेल्या. पंधराव्या सामन्यापाशी त्यांचा वेग कमी झाला. बोटांच्या पेरांवर त्यांनी बेरीज केली, शाळेत पी.टी. शिकवताना करायच्या तशी, ओठ हलवत.

“चोवीस,” त्या म्हणाल्या.

“हो.”

“मला दिसत होतं,” बाई हळू आवाजात म्हणाल्या. “ह्या चारपाच मॅचमध्ये मला वाटत होतं, पोरगी जमवतेय. पण मग तू आलीच नाहीस. तेव्हा म्हटलं, आपल्यालाच तसं दिसत असेल. आपण केलेलं बरोबर निघावं असंच कोणालाही वाटतं ना.”

“तुमचं बरोबर होतं, बाई. मी अजून थोडं थांबायला हवं होतं.”

सीमाला वाटलं होतं की हे ऐकून बाईंच्या मनावरचं ओझं उतरेल. तेवढ्यासाठीच ती आली होती. पण बाई वहीतून डोकं वर काढेनात. भिंग शेवटच्या ओळीवर स्थिरावलं होतं.

“ही विसावी. निवड समिती आलेली ती.” त्यांनी कोऱ्या रकान्यांवर नख टेकवलं. “धोंडूभाऊ मैदानावर होते त्या दिवशी. मला आठवतंय. कडेला उभे होते, वही घेऊन. मी विचारलं, पोर कुठाय? म्हणाले, पोट दुखतंय. मॅच संपेपर्यंत उभे होते ते.”

वडील त्या दिवशी मैदानावर गेले होते हे सीमाला माहीत नव्हतं. ते घरी आल्यावर काही बोलले नव्हते.

बाईंनी भिंग खाली ठेवलं. आता त्यांच्या चेहऱ्यावर मघाची माफी मागणारी म्हातारी नव्हती. भुवया आक्रसल्या होत्या, आणि आवाज चढला तेव्हा तो मैदानावरचाच आवाज होता.

“तेवीस वर्षं मी स्वतःला शिव्या घालतेय. आणि तू चोवीस धरून बसली होतीस! का नाही आलीस विसाव्या मॅचला?”

सीमा उठून उभी राहिली. बाईंसमोर बसून उत्तर द्यायची संघातल्या मुलींना परवानगीच नव्हती. तिने हात मागे घेतले, मान खाली घातली.

“विचारतेय मी तुला,” बाई म्हणाल्या, आणि उत्तराची वाट बघत राहिल्या.